कुंकवाचा लाल आणि साडेचार तारे

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या घरी पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. इंदूरच्या लोकमान्य नगरात मी घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका, मंडळाच्या स्मरणिका, कधी कुणाच्या आजोबांच्या पंचाहत्तरीची पुस्तिका. इथल्या मराठी घरांतली पत्रिका बरेचदा दोन भाषांत असते, एका पानावर मराठी आणि दुसऱ्यावर हिंदी. असं काम अंगावर असतानाच गेल्या वर्षी मला लॅपटॉप बदलावा लागला.

जुना लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. माझ्या मशीनवर शे-दोनशे घरांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. लोक विश्वासाने देतात. सिक्युरिटी अपडेट नसलेल्या मशीनवर ते ठेवणं मला पटेना. शिवाय बॅटरी पाऊण तासात बसायची.

बजेट ६५ हजार ठरलं. मग तीन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपली की मी रिव्ह्यू वाचत बसायचे. वहीत रकाने पाडले होते: डिस्प्ले, कीबोर्ड, बिजागरी, गरम होणं, आवाज. एका मॉडेलला साडेचार तारे होते आणि हजारावर लोकांनी मत दिलं होतं. ‘डिस्प्ले जबरदस्त’, ‘रंग अगदी खुलून दिसतात’, ‘फोटो एडिटिंगसाठी बेस्ट’. दोन व्हिडिओ रिव्ह्यूवाल्यांनीही स्क्रीनचं तोंडभरून कौतुक केलं होतं. मला स्क्रीनच महत्त्वाची, म्हणून ६२,९९० रुपये भरून ऑर्डर टाकली.

लॅपटॉप आला तो दिवस चांगला आठवतो. टेबलावर त्याच आठवड्यात छापून आलेली एक पत्रिका होती. वर कुंकवाच्या लाल रंगातला गणपती, खाली हळदीच्या पिवळ्याची किनार. त्याच पत्रिकेची फाइल नव्या मशीनवर उघडली आणि कागद स्क्रीनला लावून धरला. गणपती विटकरी दिसत होता. ब्राइटनेस वाढवला तर लाल आणखी फिका पडला, पिवळ्याला लिंबासारखी छटा आली. स्क्रीनचा रंग कागदावर तंतोतंत उतरत नाही, हे या धंद्यात पहिल्या वर्षीच कळतं. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, प्रेस शाईने. पण माझ्या जुन्या, आठ वर्षांच्या स्क्रीनवरही कुंकू कुंकवासारखं दिसत होतं.

तरी मी स्वतःवरच शंका घेतली. एवढे लोक चांगलं म्हणतात, तर माझीच काहीतरी सेटिंग चुकली असेल. दुसऱ्या दिवशी एका मुंजीच्या पत्रिकेत डोळ्यांना बरा वाटेल इतका लाल गडद केला आणि प्रूफ काढायला पाठवला. प्रूफ आला तो साकळलेल्या रक्तासारखा. मुंजीच्या पत्रिकेवर! तो कागद मी त्या घरी दाखवलासुद्धा नाही.

मग लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर वाचला आणि कंपनीच्या साइटवरच्या तपशिलाशी ताडून पाहिला. लोक ज्या नावाने लॅपटॉप ओळखतात ते नाव अर्धंच असतं. त्या एका नावाखाली पाच प्रकार विकले जात होते. वरच्या प्रकारांत १०० टक्के एसआरजीबीचं पॅनल होतं, माझ्या प्रकारात ४५ टक्के एनटीएससीचं. स्क्रीन किती रंग दाखवू शकते ते सांगणारे हे दोन आकडे, पण वेगवेगळ्या मापांचे, म्हणून नवख्या माणसाला त्यातलं अंतर कळत नाही. एनटीएससीचं ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीच्या हिशेबाने साठ-बासष्ट टक्क्यांच्या आसपास. दाट लाल, दाट हिरवा अशा स्क्रीनला दाखवताच येत नाही. आणि विक्रीच्या पानावर पाचही प्रकारांचे रिव्ह्यू एकत्र करून टाकले होते.

त्या रात्री तेच रिव्ह्यू मी पुन्हा वाचले. रंगांचं कौतुक करणाऱ्या ज्या ज्या माणसाने आपला प्रकार लिहिला होता, त्याच्याकडे वरचा, महागडा प्रकार होता. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या स्क्रीनवर रंग खरंच खुलत होते. त्यांचा शब्द माझ्या लॅपटॉपखाली चिकटवला गेला होता, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

दुसरी गोष्ट तारखांची. निम्म्याहून जास्त रिव्ह्यू माल हातात पडल्यापासून दोन-तीन दिवसांत लिहिलेले. दोन दिवसांत माणसाला काय कळणार? पॅकिंग छान होतं, डिलिव्हरी वेळेत आली, चालू झाला. बिजागरी ढिली होणं, पंख्याचा आवाज वाढणं, बॅटरी उतरणं, हे सहा महिन्यांनी कळतं, आणि तेव्हा रिव्ह्यू लिहायला कुणी परत येत नाही.

तिसरी गोष्ट तर माझ्याच खोक्यात होती. चार्जरच्या खाली एक रंगीत चिठ्ठी: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, ५०० रुपयांचं व्हाउचर मिळवा. मशीन सुरू करायच्या आधीच माझं मत विकत मागितलं होतं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली. साडेचार ताऱ्यांतले किती तारे अशा चिठ्ठ्यांचे, हे कोण सांगणार?

परत करण्याचं काम सोपं झालं नाही. साइटचं म्हणणं, लॅपटॉपवर फक्त बदली मिळते, तीही बिघाड असेल तर. तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला, स्क्रीनवर पांढरा, काळा, लाल, निळा असे रंग लावून पाहिले आणि ‘कोई फॉल्ट नहीं’ असा शेरा मारून गेला. त्याचंही खरंच होतं. त्या प्रकाराची स्क्रीन तशीच असते.

पण माझ्याकडे विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट होते. वरच्या चित्रात मोठ्या अक्षरांत ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं, आणि निवडलेला प्रकार माझा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाकारता येत नाही. त्याच नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. मी आधी तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली. पत्रात ‘डिस्प्ले खराब आहे’ असं कुठेही म्हटलं नाही. एवढंच लिहिलं की पानावर हे सांगितलं होतं, स्टिकरवरच्या नंबराप्रमाणे मिळालं ते हे, दोन्हींचे पुरावे जोडले आहेत. सोळाव्या दिवशी पूर्ण पैसे परत आले. तोवर जुन्याच मशीनवर रात्री जागून तीन पत्रिका पूर्ण केल्या.

पुण्याच्या भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “मावशी, गेमिंगवाल्यांचंही हेच असतं.” आरटीएक्स ४०५० हीच ग्राफिक्स चिप एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालते, दुसऱ्यात ११५ वॅटपर्यंत, आणि खोक्यावर नाव तेच. रिव्ह्यू एकाचा वाचायचा आणि हातात दुसरंच मशीन पडायचं. व्हिडिओवाल्यांचंही त्याने समजावून सांगितलं. बऱ्याच जणांना मशीन कंपनीच पाठवते, बहुधा वरचा प्रकार, आणि ठरलेल्या तारखेआधी व्हिडिओ टाकायचा नाही अशी अट असते. त्यामुळे ते चार-आठ दिवसांच्या वापरावर बोलतात. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने काढलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणे पैसे, फुकट वस्तू किंवा कसलाही फायदा घेऊन वस्तूची भलामण करणाऱ्याने ते ठळकपणे सांगायला हवं. मी पाहिलेल्या दोन व्हिडिओंपैकी एकात ते सांगितलेलं होतं, पण खालच्या मजकुरात, ‘आणखी वाचा’ दाबल्यावर.

ग्राहकांच्या रिव्ह्यूंसाठीही भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे का हे तपासावं, मजकुरात फेरफार करू नये, वाईट रिव्ह्यू दडपू नयेत, असं त्यात आहे. मात्र ते ऐच्छिक ठेवून आणलं. मला हे अपुरं वाटतं. दुकानातला तराजू दुकानदाराच्या मर्जीवर सोडत नाहीत, मग ज्या ताऱ्यांकडे बघून माणूस साठ-साठ हजार रुपये मोजतो ते का सोडायचे?

दुसऱ्या खेपेला मी पद्धत बदलली. सरासरी तारे पाहणं सोडून दिलं. आधी पूर्ण मॉडेल नंबर घ्यायचा आणि त्याच नंबरचे रिव्ह्यू शोधायचे. मोजून लिहिणाऱ्यांना पहिला मान. नोटबुकचेकसारख्या साइटवर स्क्रीनचा उजेड जागोजागी मोजलेला असतो, रंगांची व्याप्ती टक्क्यांत, पंख्याचा आवाज डेसिबलमध्ये, आणि तपासलेलं मशीन नेमकं कोणतं तेही दिलेलं असतं. बॅटरीचे तास वाचताना उजेड किती ठेवला होता हे आधी पाहायचं. कमी उजेडात व्हिडिओ लावून दहा तास मिळाले, म्हणजे माझ्या कामात मिळतील असं नाही.

आणि तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू. खरी माहिती मला तिथे सापडली. पाच तारेवाला आनंदात असतो, एक तारेवाला बहुतेकदा कुरिअरवर चिडलेला असतो. तीन तारे देणारा माणूस मशीन वापरत असतो. एकाने आठ महिन्यांनंतर लिहिलं होतं की उजवीकडचं टाइप-सी पोर्ट ढिलं झालंय, म्हणून आता डाव्या पोर्टने चार्ज करतो. दुसऱ्याने लिहिलं होतं की आठ जीबी रॅम बोर्डावर पक्की आहे, पण एक स्लॉट रिकामा आहे, नंतर वाढवता येते. अशा दोन ओळींसाठी मी शंभर ‘मस्त आहे’ ओलांडून जायला तयार होते.

शेवटी मॉडेलची तीन नावं आणि त्यांचे पूर्ण नंबर चिठ्ठीवर लिहून आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेले. पर्समध्ये पेन ड्राइव्ह आणि तीच गणपतीची पत्रिका. पहिल्या दोन दुकानांत ‘सील तोड़ेंगे तो लेना पड़ेगा’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी माझ्या हातातली चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, “ये सही है दीदी, नाम पे मत जाओ, नंबर पे जाओ.” त्यांच्याकडे त्यातल्या एका नंबरचं डेमो मशीन होतं. फाइल उघडली, पत्रिका स्क्रीनला लावून धरली. कुंकू कुंकवासारखं होतं. हळद किंचित उजळ दिसली, पण तेवढं मी मनात धरून काम करू शकते. काका काही न बोलता बाजूला उभे राहिले, मला वीस मिनिटं बघू दिलं. किंमत ६८,५०० रुपये, बजेटच्या साडेतीन हजार वर. ऑनलाइन तेच मशीन थोडं स्वस्त होतं, तरी मी तिथूनच घेतलं. रिकामा स्लॉट त्यांनी माझ्यासमोर उघडून दाखवला आणि आणखी आठ जीबी बसवून दिली.

पहिल्या दिवसापासून मी डाव्या पोर्टने चार्ज करते. ज्या माणसाने ते लिहिलं त्याचं नाव-गाव मला माहीत नाही, पण त्याचे उपकार आहेत.

पाच महिने झाल्यावर मीही रिव्ह्यू लिहायला बसले. चार तारे दिले. पत्रिकेचं मोठं काम उघडं असताना पंखा ऐकू येतो, त्याचा एक तारा कमी केला. बॅटरी माझ्या कामात सव्वापाच तास जाते, उजेड साठ टक्के ठेवून, हे लिहिलं. हळदीचा पिवळा उजळ दिसतो हेही लिहिलं. मग पत्रिका स्क्रीनला लावून एक फोटो काढला, आणि मशीन उलटं करून खालच्या स्टिकरचा दुसरा फोटो, पूर्ण मॉडेल नंबर स्पष्ट वाचता येईल असा, सिरीयल नंबरवर बोट ठेवून.