बदनाम तबकड्यांची बाजू

१९७३च्या डिसेंबरात 'येस' या इंग्लिश बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' बाजारात आला. दोन तबकड्या, चार बाजू आणि रचना फक्त चार. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. तरीही सत्तरच्या दशकातलं रॉक कसं फुगलं आणि कसं भरकटलं हे सांगायचं झालं की आजही पहिलं बोट याच आल्बमकडे जातं.

अशा आल्बमांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दोष असतो आणि तो खराही असतो, पण ठरावीक जागी असतो. नावं ठेवताना मात्र तो अख्ख्या आल्बमला फासला जातो. त्यामुळे बाजू घ्यायची तर दोष कितव्या मिनिटाला आहे ते आधी कबूल करावं लागतं, आणि मग तिथून वाट कशी काढायची ते सांगावं लागतं.

'टेल्स'ची मूळ कल्पना आपल्याकडची. बँडचा आधीचा ड्रमर बिल ब्रुफर्ड याच्या लग्नात गायक जॉन अँडरसनची गाठ 'किंग क्रिमसन' या बँडचा तालवादक जेमी म्यूर याच्याशी पडली आणि बोलण्यात परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राचा विषय निघाला. मार्च १९७३मध्ये टोकियोच्या हॉटेलात ते पुस्तक वाचताना अँडरसन एका तळटीपेपाशी थबकला. श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. चार शास्त्रं, म्हणून चार बाजू. आपल्या वाचकाची गफलत नेमकी इथे होते. नावं ओळखीची म्हणून तो शब्दांत शास्त्र शोधायला जातो आणि हाती काही लागत नाही. अँडरसन शब्द अर्थापेक्षा नादासाठी निवडतो. तराण्याचे बोल जसे ऐकतो तसे ते ऐकावेत. तिसऱ्या बाजूवर तर तो निरनिराळ्या भाषांतले सूर्याचे शब्द नुसते एकापुढे एक ठेवत जातो, आणि त्या रांगेत अचानक आपला 'धूप' येतो. तो शब्द कानावर पडला की सगळी बाजूच जरा जवळची वाटायला लागते.

वीस मिनिटांची रचना म्हटली की रॉकचे श्रोते बिचकतात. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याने बिचकायचं काही कारण नाही. लांबी हा दोष होऊ शकत नाही, प्रश्न बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने विस्तार, होते की नाही एवढाच. पहिल्या बाजूवर ती होते. खालच्या पट्टीतल्या पठणासारख्या ओळींनी सुरुवात, त्यावर एकेक आवाज चढत जातो, मग स्टीव्ह हाउची गिटार मुख्य धून मांडते आणि पुढे ती धून दर वेळी वेगळ्या वस्त्रात परत येते. शेवटाकडे की-बोर्डवादक रिक वेकमनचा मिनीमूग या सिंथेसायझरवरचा सोलो आहे. तो येईपर्यंत कान तयार झालेले असतात, म्हणून तो लागतो. नुसता तेवढाच तुकडा काढून ऐकला तर साधा वाटेल. दुसऱ्या बाजूवर मात्र बढत अडते. मेलोट्रॉनचे (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणाऱ्या की-बोर्डचे) थर फार सुंदर आहेत, पण मधल्या भागात तेच कडवं तसंच फिरून येतं आणि पुढे सरकत नाही. तिसऱ्या बाजूची पहिली बारा मिनिटं तालवाद्यांनी आणि स्टील गिटारने खडबडीत करून ठेवली आहेत. बहुतेकांचा धीर सुटतो तो इथे. आणि याच बाजूवर, बारा-साडेबारा मिनिटांनंतर, हाउ साधी अकूस्टिक गिटार हातात घेतो आणि अँडरसन जवळजवळ एकट्याने गातो. अख्ख्या आल्बममधला सगळ्यात निर्मळ भाग तो.

म्हणून क्रम बदलून ऐकायचा. आधी तिसऱ्या बाजूचा हा शेवट. दुसऱ्या दिवशी चौथी बाजू पूर्ण, कारण तिच्यात सगळ्यात जास्त हालचाल आहे: क्रिस स्क्वायरचा बेसवरचा सोलो, मग सगळ्यांनी मिळून उठवलेला तालवाद्यांचा कल्लोळ, आणि त्यातून बाहेर पडणारं शांत गाणं. मग पहिली. दुसरी त्यानंतर. तिसरीचा पूर्वार्ध अगदी शेवटी. एका बैठकीत एकच बाजू, एवढं पथ्य पाळायचं.

हे पथ्य १९७३च्या श्रोत्यांना मिळालंच नाही. दौरा आल्बम यायच्या आधी, नोव्हेंबरातच सुरू झाला आणि बँडने पूर्ण 'टेल्स' रंगमंचावर वाजवला. लोकांनी कधी न ऐकलेलं ऐंशी मिनिटांचं संगीत, तेही आधीच्या लांब रचनांच्या जोडीला. नाराजीची सुरुवात तिथे झाली. खुद्द वेकमनचं मन यात नव्हतं. लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना शेजारी 'ब्लॅक सॅबथ' हा हेवी मेटल बँड काम करत होता, तर त्यांच्या 'सॅब्रा कॅडॅब्रा' या गाण्यात तो वाजवूनही आला. १९७४मध्ये त्याने बँड सोडला. ऐवज एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी, ही त्याची तक्रार. ती अर्धी खरी आहे. दुसऱ्या बाजूतली सहा-सात मिनिटं आणि तिसरीच्या सुरुवातीची चार-पाच कमी झाली असती तर आल्बमचं काहीही बिघडलं नसतं. पण उरलेली सत्तर मिनिटं एका तबकडीवर मावलीच नसती.

तबकडीचं गणित इथे समजून घ्यायला हवं, कारण या आल्बमच्या बदनामीत त्याचाही वाटा आहे. एलपीची एक बाजू अठरा-वीस मिनिटांच्या पुढे गेली की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात. बासचे, म्हणजे खालच्या पट्टीतले, सूर खाच जास्त हलवतात, जास्त जागा खातात. म्हणून लांब बाजू कापताना आवाजाची पातळी आणि बास दोन्ही उतरवावे लागतात. 'टेल्स'च्या बाजू साधारण अठरा ते बावीस मिनिटांच्या. स्क्वायरचा बेस हा या बँडचा कणा, आणि नेमका तोच पातळ झाला. दुसरी अडचण आतल्या खाचांची. तबकडी एका वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. निम्म्याहून कमी जागेत तेवढेच बारीक सूर कोंबले जातात, म्हणून 'स', 'श' फाटतात आणि झांजा खरखरतात.

जुनी तबकडी लावणार असाल तर आधी सुई स्वच्छ करा. कार्ट्रिजचा (सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाचा) कोन प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे तो जुळवायच्या मापपट्टीवर, तपासा. सुईचा भार कार्ट्रिजच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाशी ठेवा. हलका भार तबकडीला जपतो हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते. खरखर फक्त शेवटच्या तीन-चार मिनिटांत येत असेल तर गडबड बहुतेक कोनाची असते. सुरुवातीपासूनच असेल तर तबकडी झिजलेली आहे, ती घेऊ नका.

तबकडीचा हट्ट नसेल तर २०१६मध्ये स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने नव्याने केलेलं मिक्स ऐका. मूळ मिक्समध्ये वाद्यं एकमेकांत मिसळून चिखल झालेला आहे. विल्सनने बेस वेगळा उभा केला, मागचे आवाज मोकळे केले. दुसऱ्या बाजूच्या अडलेल्या भागातसुद्धा खाली बेस किती नाजूक चाललाय ते पहिल्यांदा कळतं. २००३च्या सीडीवर पहिल्या रचनेची मूळची दोनेक मिनिटांची प्रस्तावना परत जोडलेली आहे. तीही ऐकण्यासारखी आहे, पण पहिल्या भेटीत नको. पठणाने होणारी सुरुवातच जास्त धरते.

१९७३मध्येच, त्याच मॉर्गन स्टुडिओत अमेरिकन गायक लू रीडचा 'बर्लिन' तयार झाला. त्याची बदनामी वेगळ्या जातीची. आधीच्या 'ट्रान्सफॉर्मर'मुळे रीडचं नाव झालं होतं, लोकांना तसंच काहीतरी हवं होतं, आणि त्याने दिली एका जोडप्याच्या मोडक्या संसाराची, मारझोडीची, आत्महत्येची गोष्ट. अमेरिकेत टीका कडवी झाली. वाजवणारे पाहा: बेसवर जॅक ब्रूस, ड्रमवर एन्स्ली डनबार, ऑर्गनवर स्टीव्ह विनवूड. निर्माता बॉब एझ्रिनने वर वाद्यवृंदाचा थाट चढवला, आणि पहिल्या बाजूवर तो थाट गाण्यांना दाबतो हा आरोप मला मान्य आहे.

दुसरी बाजू मात्र अजोड आहे. ती कशी ऐकायची? पहिल्या बाजूवरचं 'कॅरोलाइन सेज' आधी लावा, जोरकस, भरभरून वाजणारं. मग लगेच दुसऱ्या बाजूवरचं 'कॅरोलाइन सेज टू'. नाव तेच, पण आता चाल मंद, वाद्यं मागे सरकलेली आणि रीडचा आवाज शेजारी बसून बोलावं तसा. ही चाल त्याने 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' या आपल्या जुन्या बँडच्या काळातल्या 'स्टेफनी सेज' या गाण्यातून आणली. तिथे ती गोड वाटायची. इथे मार खाल्लेल्या बाईची हकीकत ती सांगते, आणि आवाज जराही चढत नाही. करुण प्रसंगाला करुण स्वर लावणं सोपं असतं, रीडने तो मोह टाळला. पुढच्या 'द किड्स'च्या शेवटी मुलांचं रडणं आहे. ते मन घट्ट करूनच ऐकावं लागतं, नाही ऐकवलं तर पुढे जायला हरकत नाही. पण 'सॅड साँग' सोडू नका. त्यातला वाद्यवृंद पहिल्या बाजूसारखा लादलेला वाटत नाही, कारण तोवर गोष्टीने त्याचं कारण दिलेलं असतं. रीडने डिसेंबर २००६मध्ये ब्रुकलिनमध्ये हा आल्बम पूर्ण सादर केला, दिग्दर्शक ज्युलियन श्नाबेलने त्याचं चित्रीकरण केलं. आधी तो कार्यक्रम पाहिला तरी चालेल. गोष्ट नीट कळते.

'ब्लॅक सॅबथ'च्या १९७६च्या 'टेक्निकल एक्स्टसी'बद्दल थोडक्यात. मायामीच्या क्रायटीरिया स्टुडिओत तो झाला, शेजारी 'ईगल्स' 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं काम करत होते आणि सॅबथचा आवाज भिंतीतून त्यांच्यापर्यंत पोहोचत होता. सॅबथच्या चाहत्यांना मात्र हा आल्बम पुरेसा जड वाटला नाही. की-बोर्ड जास्त, चाली हलक्या, हे खरं आहे. मधली दोन-तीन गाणी सोडून द्यावीत अशीच आहेत. पण ड्रमर बिल वॉर्डने स्वतः गायलेलं 'इट्स ऑलराइट' निव्वळ गोड आहे, आणि शेवटचं 'डर्टी विमेन' हे गिटारवादक टोनी आयोमीच्या उत्तम कामात मोडतं. गाणं संपलं असं वाटतं तिथून तो सोलो पुढे नेत राहतो. बँडने आपल्या निरोपाच्या दौऱ्यातही हे गाणं वाजवलं, यावरून त्यांना स्वतःला त्याची किंमत किती होती ते समजा. हा आल्बम शेवटच्या गाण्यापासून सुरू करा.

राहिला 'फ्लीटवुड मॅक'चा १९७९चा 'टस्क'. त्याला फसलेला आल्बम म्हणतात कारण आधीचा 'रूमर्स' एक कोटीहून अधिक खपला होता, आणि हा दोन तबकड्यांचा, अमेरिकेत १५.९८ डॉलर किमतीचा आल्बम त्याच्या जवळपासही गेला नाही. रेकॉर्डिंगला दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला असं सांगतात. या आकड्यांचा संगीताशी संबंध नाही.

ऐकताना खरी अडचण येते ती गाण्यांच्या क्रमाची. बँडमध्ये गाणी लिहिणारे तिघे: वीस गाण्यांत लिंडसे बकिंगहॅमची नऊ, क्रिस्टीन मॅकव्हीची सहा, स्टीव्ही निक्सची पाच. मॅकव्हीचं रेशमी 'ओव्हर अँड ओव्हर' संपतं न संपतं तोच बकिंगहॅमचं 'द लेज' आदळतं, पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं. त्याने बरीच कामं घरी केली, न्हाणीघरात जमिनीवर मायक्रोफोन ठेवून ओणवं होऊन गायला. तो कच्चेपणा त्याला हवाच होता. पण दर दोन गाण्यांनी कानाला नव्याने जुळवून घ्यावं लागतं आणि श्रोता थकतो. म्हणून पहिल्या खेपेला बकिंगहॅमची नऊ गाणी वेगळी काढून सलग ऐका. 'दॅट्स ऑल फॉर एव्हरीवन'पर्यंत आलात की त्याला नेमकं काय हवं होतं ते कळेल: आवाजांचे थर, खाली जेमतेम लय. मग मूळ क्रमाने पूर्ण ऐका. आता ते धक्के मुद्दाम दिलेले वाटतील.

सीडी विकत घेताना एक बघा. १९८७च्या पहिल्या सीडीवर सगळं एका चकतीत बसवण्यासाठी निक्सचं 'सारा' ६ मिनिटं २२ सेकंदांवरून ४ मिनिटं ३७ सेकंदांवर आणलं आहे. पावणेदोन मिनिटं गेली, आणि हळूहळू उलगडणं हाच तर त्या गाण्याचा जीव. जुन्या दुकानात सीडी दिसली तर मागच्या बाजूला 'सारा'ची वेळ वाचूनच पैसे द्या. २००४च्या आवृत्तीत गाणं पूर्ण आहे, मूळ एलपीवर तर आहेच.

एलपीच्या चौथ्या बाजूवर शेवटून दुसरं गाणं 'टस्क'. लॉस एंजेलिसमधलं डॉजर स्टेडियम रिकामं असताना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बँडपथक तिथे बोलावून त्याचा भाग ध्वनिमुद्रित केला होता. ढोल आणि ब्रासचा तो गदारोळ विरला की आल्बम संपल्यासारखा वाटतो आणि हात सुईकडे जातो. थांबा. त्यानंतर मॅकव्हीचं 'नेव्हर फर्गेट' आहे.