७५० अंशांवर चालू सेल पाहताना

सॉलिड ऑक्साइड सेल, म्हणजे हायड्रोजनसारख्या इंधनापासून वीज देणारा सिरॅमिकचा सेल, आधी चालवायचा, मग थंड करायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, अशी आमची रीत होती. पण व्होल्टेज गेलं, वायू बदलला की इलेक्ट्रोडचा पृष्ठभागही बदलतो. म्हणून सेल ७५० अंशांवर चालू असतानाच त्याचा रामन स्पेक्ट्रम घ्यायचं ठरवलं, म्हणजे लेसर टाकून विखुरलेल्या उजेडाचा आलेख; त्यातल्या पीकांवरून (शिखरांवरून) पृष्ठभागावरचा पदार्थ ओळखता येतो.

स्पेक्ट्रम घेणं त्यातलं सोपं काम. वेळ खाल्ला तो सीलने, म्हणजे इंधन आणि हवा वेगळी ठेवणाऱ्या कडेच्या बंदिस्तीने. काचेची पेस्ट कडेने नीट बसली का, हे डोळ्यांना कळत नाही, व्होल्टमीटरला कळतं. खोलीच्या तापमानाच्या पाण्यातून बुडबुडत आलेल्या हायड्रोजनमध्ये साधारण ३ टक्के वाफ असते, पलीकडे हवा. करंट न घेता रीडिंग १.१ व्होल्टच्या आसपास यायला हवं. १.०४ दिसलं की समजायचं, गळतंय. मग भट्टी पुन्हा थंड करा, तीही मिनिटाला एक-दोन अंशांनी, नाहीतर सिरॅमिक तडकतं.

या तापमानाला नमुना स्वतःच लाल तापलेला असतो. लाल लेसरचा सिग्नल त्या उजेडात बुडतो, म्हणून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा घेतला. भट्टीचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचा आकडाही पुरेसा नाही; लेसर आत येतो त्या खिडकीच्या बाजूने उष्णता जाते आणि पृष्ठभाग भट्टीपेक्षा थंड राहतो. सेरियाचं (सेरियम ऑक्साइडचं) ४६५ प्रति सेंटिमीटरजवळचं पीक तापल्यावर खाली सरकतं, त्यावरून खरं तापमान काढता येतं. मात्र हे हवेतच करावं. हायड्रोजनमध्ये सेरियातला ऑक्सिजन कमी होतो आणि पीक त्या कारणानेही बदलतं.

खरा पेच वेगळाच होता. लेसरला दिसतो इलेक्ट्रोडचा बाहेरचा थर आणि विक्रिया घडते आत, इलेक्ट्रोलाइटला (ऑक्साइड आयन वाहून नेणाऱ्या सिरॅमिक थराला) लागून असलेल्या दहाएक मायक्रॉनांत. जाड निकेल-झिर्कोनिया इलेक्ट्रोडचा सुंदर स्पेक्ट्रम काढून ‘चालू सेल पाहिला’ म्हणणं मला तरी पटत नाही. म्हणून झिर्कोनियावर, म्हणजे इलेक्ट्रोलाइटवरच, निकेलच्या पातळ पट्ट्या काढल्या. पट्टीची कड म्हणजे निकेल, झिर्कोनिया आणि वायू एकत्र येतात ती जागा; विक्रिया तिथेच घडते, आणि ती लेसरखाली उघडी राहते.

मिथेन सोडल्यावर १५८० आणि १३५० प्रति सेंटिमीटरजवळ कार्बनची पीकं उगवली. करंट घेतला तशी कडेवरची उतरत गेली, कारण इलेक्ट्रोलाइटमधून आलेले ऑक्साइड आयन आधी तिथेच पोचतात. पट्टीच्या मध्यावरचा कार्बन मात्र बराच वेळ हलला नाही. इम्पीडन्सच्या (सेलच्या विद्युत अडथळ्याच्या) आलेखात हा फरक दिसतच नव्हता. तो अख्ख्या सेलची गोळाबेरीज दाखवतो.