बँकॉक ते टोकियो: जाताना पावणेसहा तास, येताना सात

मुंबईहून जपानला थेट जाण्यापेक्षा बँकॉकमार्गे तिकीट बरेचदा स्वस्त पडतं, म्हणून जानेवारीत आम्ही तोच मार्ग धरला. मुंबई-बँकॉक चार-सव्वाचार तास, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या टप्प्याचं मात्र नीट गणित मांडा.

बँकॉक-टोकियो हवाई अंतर सुमारे ४,६०० किमी. जाताना विमान पावणेसहा तासांत पोहोचलं, येताना सात तास लागले. कारण जपानवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा. हिवाळ्यात त्याला भलताच जोर असतो. सीटसमोरच्या पडद्यावर जाताना वेग ताशी हजार किमीच्या वर दिसत होता, परतताना जपानवर तो साडेसातशेच्या आसपास रेंगाळत होता. हे जोरदार वारे १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून मोजले होते. अहवाल त्यांनी एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत छापला, त्यामुळे बाहेर फारसा कुणी वाचलाच नाही! याच वाऱ्यांमुळे जपानजवळ विमान हलतं. पट्टा बांधून ठेवा, घाबरू नका.

त्यात घड्याळाचा घोळ. जपान थायलंडच्या दोन तास पुढे. म्हणजे रात्री साडेअकराला निघालात की सव्वासातला टोकियोत. तिकिटावर रात्रभराचा प्रवास वाटतो, पण जेवणाचा ट्रे आणि नाश्त्यासाठी लागणारे दिवे वजा केले तर झोप जेमतेम तीन तास. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीननंतरच मिळते. सामान सकाळीच हॉटेलात ठेवून घेतात, पण तुम्ही मात्र रस्त्यावर. पोरं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर मी सरळ दिवसाचं विमान घ्या म्हणेन, चार पैसे जास्त गेले तरी. परतताना दिवसाचंच घ्या आणि उजवीकडची खिडकी पकडा. हवा स्वच्छ असेल तर उड्डाणानंतर थोड्याच वेळात फुजी दिसतो. आम्हाला पांढराशुभ्र माथा आणि त्यातलं विवर स्पष्ट दिसलं.

टोकियोच्या दोन विमानतळांपैकी शक्यतो हानेदाला उतरा, तो शहराला चिकटून आहे. दुसरा, नारिता, मध्य टोकियोपासून ६० किमीवर. तिथून स्कायलायनर ही जलद रेल्वेगाडी टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला ४० मिनिटांच्या आत पोहोचवते, पण ती महाग. केइसेई या रेल्वे कंपनीची साधी गाडी वेळ जास्त घेते, पैसे बरेच वाचवते. हानेदाला मध्यरात्रीच्या सुमारास उतरणार असाल तर शेवटची गाडी आधी बघून ठेवा, नाहीतर टॅक्सीवाल्याला मीटरप्रमाणे मोजावे लागतील.

दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बँकॉकला बॅगा घेऊन, इमिग्रेशन करून पुन्हा चेक-इन करावं लागतं. त्यामुळे थायलंडच्या व्हिसाचे त्या वेळचे नियम बघा आणि आगमनाचं डिजिटल कार्ड आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा. विमानतळाचं नावही वाचा! स्वस्त विमानं अनेकदा डॉन मुआंगला उतरतात आणि टोकियोचं सुवर्णभूमीहून असतं. पुढचं तिकीट दाखवलं की दोन्हींमध्ये फुकट बस मिळते, पण बँकॉकच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. मध्ये पाच-सहा तास ठेवाच.

आणि बँकॉकचे आंबे कितीही मोहात पाडोत, तिथेच खाऊन संपवा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ जपानमध्ये विनाप्रमाणपत्र नेता येत नाहीत.