जवळच शे

दिवाळीच्या साफसफाईत माळा माझ्याकडे असतो. म्हणजे मी मागून घेतलेला नाही, बायकोनं देऊन टाकलाय. काल दुपारी ऑक्टोबरचं जळगावचं ऊन डोक्यावर आणि मी माळ्यावर पालथा पडून एकेक डबा खाली देत होतो, तेव्हा पार मागच्या कोपऱ्यातल्या पिशवीतून ते बूट निघाले. डाव्याचा सोल अर्धा लोंबतोय, त्याला सुतळीचे तीन वेढे आणि आत अजून थोडा मुरूम. अस्तंभ्याचे बूट.

माझी सासुरवाडी तळोद्याची. धनत्रयोदशी आली की तिकडे ज्याला त्याला अस्तंभा डोंगराचे वेध लागतात, अश्वत्थामा ऋषींची यात्रा, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून पण जथ्थे येतात, रात्रभर चढायचं आणि उजाडायला शिखरावर असायचं. त्या वर्षी मी सुट्ट्या जुळवून दिवाळीला जरा लवकरच जाणार होतो, तर पंधरा दिवस आधी शालकाचा फोन. "दाजी, येता का अस्तंभ्याला? का राहू द्या, तुमच्यानं नाही व्हायचं." या एका वाक्यावर खानदेशातले किती जावई कुठे कुठे चढले असतील देव जाणे.

मी विचारलं, किती आहे? तो म्हणे, "जास्त नाही हो, जवळच आहे."

मी अकाउंट्सचा माणूस. मला आकडा लागतो. मोबाईलवर पाहिलं तर १३२५ मीटर, म्हणजे सातपुड्यातला सगळ्यात उंच जो धूपगड, १३५० चा, त्याच्याहून जरासाच बुटका. मग पंधरा दिवस मेहरूण तलावावर चकरा मारल्या. तलावाकाठी चालून डोंगराची तयारी होत नाही हे मला कोणी सांगितलं नाही, बायकोला माहीत असावं पण ती गप्प राहिली. बूट नवे घेतले, रस्त्यावरच्या ढिगातून, दिसायला एकदम भारी. पाठीवर दशम्या, लसणाची चटणी, चार बाटल्या पाणी, पॉवरबँक आणि छत्री. छत्री का घेतली ते आजही सांगता येत नाही.

चांदशैलीच्या घाटातून गाडी वर गेली आणि पुढे पायी सुरू झालं. पहिला तास मी पुढे होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण त्यानंतर मी कुठेच पुढे नव्हतो. बायामाणसं, म्हातारे, अनवाणी पोरं, नारळाची पिशवी गळ्यात अडकवलेले, सगळे मला ओलांडून जात होते आणि मी ज्याला त्याला विचारत होतो, किती राहिलं? उत्तर एकच. "हे काय, आलंच." दहा वाजता आलंच, बारा वाजता आलंच, दोन वाजता एक आजोबा दगडावर बिडी ओढत बसले होते ते पण म्हणाले आलंच. वर बघितलं की बॅटऱ्यांची रांग दिसायची, ती जिथे संपते तिथे शिखर असं मी धरून चालायचो, तिथे पोचलं की रांग अजून वर.

हा प्रकार माझ्या ओळखीचा होता.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही अमळनेरकडे गावी जायचो. एसटी फाट्यावर सोडून धुरळा उडवत निघून जायची, आणि आबा टायरच्या चपला घालून घ्यायला आलेले असायचे. फाट्यापासून गाव पायी. काळी जमीन उन्हानं भेगाळलेली, चहूकडे सावली नावाची गोष्ट नाही, फक्त मधून मधून एखादा निंब. मी दर दहा पावलांनी अहिराणीत, "आबा, कितलं राह्यनं?" आबा हात लांब करायचे, "तो निंब दिखस ना, तठेच शे." निंब आला की आबा खिशातून गुळाचा खडा काढायचे, आणि खडा तोंडात विरघळेपर्यंत पुढचा निंब दाखवायचे. "चाल, जवळच शे." सात निंब होते. मी मोजलेले. पाचव्या निंबाखाली एकदा मी बसून घेतलं, तुम्ही खोटं बोलता म्हणून भोकाड पसरलं, तर आबांनी माझी पिशवी उचलली आणि काही न बोलता चालू लागले. रडत रडत मागे गेलो. मोठेपणी बाईकवर मोजलं, साडेतीन किलोमीटर. तेव्हाच साडेतीन किलोमीटर म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? तेव्हापासून माझं ठरलेलं, कोणी विचारलं की खरा आकडा सांगायचा.

अस्तंभ्यावर पहाटे तीनच्या सुमाराला माझा सोल सुटला. शालकानं नारळाच्या पिशवीची सुतळी काढून बांधला. तो स्वतः अनवाणी. तिथे दम खात बसलो असताना मला आठवलं, अश्वत्थाम्याला तरी कृष्णानं शाप देताना सरळ आकडा सांगितला होता. तीन हजार वर्षं. पण लोक म्हणतात तो अजून या डोंगरात कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. म्हणजे कृष्णाचं पण "आलंच"च निघालं. शालकाला हे सांगितलं तर तो हसला नाही. "दाजी, डोंगरावर असं बोलू नये."

शिखराबद्दल लिहायला फार नाही. गर्दी, वारा, सूर्य निघाला, हात जोडले. पायांखेरीज दुसरं काही जाणवायला जागाच नव्हती.

उतरताना एक माणूस भेटला. माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच पोट, खांद्यावर चारेक वर्षांची पोरगी, मागे बायको. ऊन वर आलेलं. त्यानं विचारलं, "दादा, किती राहिलं?" मी घड्याळ बघितलं, माझ्या उतरण्याच्या वेळेत त्याच्या चढण्याचा आणि पोरीचा हिशोब धरला आणि सांगितलं, "अडीच तास. तीन पण लागतील."

तो तिथेच खाली बसला. पोरगी उतरवली, चप्पल काढून तळवे चोळत राहिला. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दशम्या काढून पुढे केल्या. घेतल्या नाहीत. शालक मागून आला, त्यानं पोरीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाला, "हे काय, ते वळण संपलं की आलंच." मी तोवर निघालो होतो. ते उठले का, वर गेले का, मी वळून पाहिलं नाही. शालकालाही कधी विचारलं नाही.

बूट परत पिशवीत घातलेत. बायको खालून विचारतेय, माळा किती राहिला म्हणून. अजून नऊ डबे आहेत आणि एक कूलर.