दस्तक, बिल्टी आणि पार्ट बी

आमच्या मस्जिद बंदरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात संध्याकाळी गाड्या सुटायच्या वेळी एकच ओरड असते, "पार्ट बी भरला का?" पन्नास हजारांच्या वरचा माल परराज्यात चालला की बिल्टीसोबत, म्हणजे मालाच्या पावतीसोबत, ई-वे बिल हा माल नेण्याचा ऑनलाइन परवाना लागतोच. पार्ट ए मध्ये माल, पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर. वाटेत गाडी बिघडून माल दुसरीत चढवला तर नंबर बदला, नाहीतर तपासणीत गाडी अडकली म्हणून समजा.

मी ई-वे बिलाला दस्तक म्हणते. ऑफिसातल्या पोरांना दस्तक म्हणजे हिंदीतली दारावरची थाप. पण फारसीत 'दस्त' म्हणजे हात. आपला दस्तऐवज, दस्तखत त्याच घरातले. जुन्या मराठी कागदांत दस्तक म्हणजे परवाना. दाखवला की माल जाऊ द्यायचा.

समुद्रावरही तेच. कान्होजी आंग्र्यांचं दस्तक नसलेलं गलबत कोकण किनाऱ्यावर धरलं जाई. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून असेच परवाने, 'कार्ताझ', सक्तीने घ्यायला लावत, ते मात्र राज्यकर्ते! असो, फोर्टातल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून आंग्र्यांचंच नाव आहे.

खरी गंमत बंगालात झाली. १७१७ साली बादशहा फर्रुखसियरने वर्षाला ३,००० रुपयांच्या बदल्यात ईस्ट इंडिया कंपनीला तिथली जकात माफ केली. सवलत कंपनीच्या मालाला, पण दस्तकावर सही कंपनीच्याच साहेबाची. मग काय! नोकरांनी आपला खासगी माल त्यावर काढला, वर देशी व्यापाऱ्यांना दस्तकं विकली. बिनदस्तकाचा बिचारा जकात भरून बुडाला. वैतागून नवाब मीर कासीमने १७६३ च्या सुमारास सगळ्यांचीच जकात उठवली. कंपनीचं यात एक पैशाचं नुकसान नव्हतं, तरी ती भडकली. सगळेच मोकळे, तर तिच्या दस्तकाला विचारतो कोण? लढाई जुंपली, आणि १७६४ ला बक्सारला कंपनी जिंकली.

१ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली, तेव्हा आम्ही ट्रान्सपोर्टवाले खूश. मुलुंड चेकनाक्यावर ट्रकवाल्यांची जकात भरून देणारे एजंट तेवढे तोंड पाडून बसले होते. त्यातले एक काका अजून भेटले की म्हणतात, "जकातीत मजा होती, ताई."