वीस फूट खाली

सोमवार

पेपरात सोलापूरचा पारा ४३ च्या वर छापलाय. ह्यांच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला, तो बसवायला नवी पेठेत जायचं होतं. अकरा वाजून गेले तसा मी मोडता घातला, आता पाचनंतर जा म्हटलं. तर म्हणाले, "ह्यूस्टनसारखी खालून जायची सोय असती तर आत्ता जाऊन आलो असतो." करोनाच्या आधी एका ऑगस्टमध्ये अमेरिकेत, ह्यूस्टनला लेकीकडे राहून आल्यापासून ह्यांच्या डोक्यातून ते भुयार काही जात नाही. ऊन तापलं की विषय निघतोच. म्हटलं, एकदाचं लिहून काढावं.

भुयार म्हटलं की आपल्याला आठवतं ते किल्ल्यातलं, वटवाघळांचं. आपल्या भुईकोट किल्ल्यातून भुयार निघतं अशा बाता वर्गातली पोरं मारायची. साधा गडी असला तर सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत न्यायचा, जास्त रंगात आला तर थेट विजापूर. ह्यूस्टनचं तसलं काही नाही. तिथं रस्त्याखाली साधारण वीस फुटांवर पायी चालायचे बोळ आहेत, दिव्यांनी लखलखणारे, वातानुकूलित. सगळे मिळून दहाएक किलोमीटर भरतात आणि शहराच्या मध्यभागातल्या ९५ ब्लॉकमधल्या (चार रस्त्यांमधला चौकोन म्हणजे एक ब्लॉक) इमारती त्यांनी एकमेकींना जोडल्यात. बँका, तेल कंपन्या, हॉटेलं, नाट्यगृहं. सकाळी गाडी तळघरात लावायची, दिवसभर वर काम करायचं, जेवायला खाली उतरायचं, आणि संध्याकाळी घरी. ऊन अंगावर घ्यायची वेळच येत नाही.

लेकीचं ऑफिस तिथंच एका उंच इमारतीत. ती वर गेली की आम्ही दोघं मोकळे. पहिली गंमत म्हणजे रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर पायाखाली एवढं काही आहे याचा पत्ता लागत नाही. रस्त्यावरून थेट उतरायच्या वाटा अगदी थोड्या. बाकी सगळीकडे कुठल्या तरी इमारतीच्या दिवाणखान्यासारख्या दालनात शिरायचं आणि तिथला सरकता जिना शोधायचा. हे दारातच अडखळले. वॉचमन बसलाय, रजिस्टर असेल, कुणाकडे आलात विचारेल. त्याने नुसती मान हलवली. तरी खाली पोचेपर्यंत हे दोनदा मागे वळून बघत होते.

खाली उतरलो आणि कॉफी आणि तळणीचा वास एकदमच आला. न्हावी, दाताचा डॉक्टर, फुलवाला, झेरॉक्स, बूटपॉलिशची उंच खुर्ची आणि तीवर पेपर वाचत बसलेला सुटातला माणूस. साडेअकराला जी गर्दी उसळली ती सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची आठवण यावी अशी, फक्त कुणी ओरडत नव्हतं. प्रत्येकाच्या गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची फीत. बायका चांगल्या कपड्यांत आणि पायात पळायचे बूट, जेवण उरकून झपाझप फेऱ्या मारणाऱ्या. आमच्या गळ्यात काही नाही, आणि मी साडीत. कुणी बघितलं नाही, पण मला आपलं उगाच वाटत राहिलं.

माझं लक्ष गेलं ते फरशीकडे. चालता चालता करड्या ग्रॅनाइटची संपायची, पितळी पट्टी लागायची आणि पुढे गालिचा. आणखी थोडं पुढे साधी टाइल, छतही हातभर खाली आलेलं. हवेचा गारवासुद्धा बदलायचा, एकीकडे पदर ओढून घ्यावा असा, दुसरीकडे बेताचा. संध्याकाळी लेकीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. हे बोळ बहुतेक सगळे खासगी आहेत. वर ज्याची इमारत, खालचा तुकडा त्याचा. फरशी बदलली की समजायचं, मालक बदलला. आपण रस्ता म्हणून चालतोय ते खरं तर एकाच्या ओसरीतून दुसऱ्याच्या ओसरीत.

सुरुवातच मुळी तशी झालेली. रॉस स्टर्लिंग म्हणून तेलधंद्यातले बडे असामी, १९३१ ते १९३३ टेक्ससचे गव्हर्नरही होते. त्यांनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटर या इमारतींच्या संकुलाखालच्या वाटा बघून आपल्या दोन इमारती खालून जोडल्या. त्याच सुमाराला विल हॉर्विट्झ नावाच्या थिएटरवाल्याने आपली थिएटरं जोडली, थंड हवेचा खर्च वाचावा म्हणून म्हणे. पुढे तेलाचा पैसा आला, सत्तर-सत्तर मजल्यांच्या इमारती उठल्या, आणि जो तो नवा इमारतवाला शेजाऱ्याच्या बोळाला आपला बोळ जोडत गेला. सगळ्या शहराचा नकाशा समोर ठेवून कुणी आखलेलं हे नव्हेच. म्हणून तिथं वळणं अशी की दिशा कळत नाही. सूर्य नाही, देवळाचं शिखर नाही, कशाच्या खुणेनं चालायचं?

कॅनडात टोरांटो आणि मॉन्ट्रियलला यापेक्षा कितीतरी मोठी जाळी आहेत, तिसेक किलोमीटरची, पण ती बर्फापासून वाचायला. टोरांटोच्या जाळ्याला पाथ म्हणतात आणि त्या नावाच्या चार अक्षरांचे चार रंग चार दिशा दाखवतात. ह्यूस्टनला बर्फाचं भय नाही. तिथलं कारण आपलंच, उन्हाळा. फरक एवढाच की सोलापूरचं ऊन भाजतं आणि तिथलं उकडतं. समुद्राचं आखात जवळ, त्यामुळे ३७ अंशातही पाच मिनिटांत पाठ ओली.

मंगळवार

काल मुद्द्याचं राहिलंच. भर बारा वाजता आम्ही मुद्दाम वर आलो होतो. एवढं मोठं शहर आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही! रुंद फुटपाथ, कडेला झाडंही होती, पण दुकान असं एक नाही, नुसत्या काळ्या काचा. ट्राम रिकामीच गेली. तिच्या थांब्याच्या सावलीत एक म्हातारा, शेजारी कपड्यांची पिशवी आणि पाण्याची बाटली. त्याच्या पायाखाली वीस फुटांवर हजारो माणसं गारव्यात बसून जेवत होती. त्याला खाली जायला कायद्यानं बंदी नसावी, पण मघाशी मला नुसत्या साडीमुळे जे वाटलं त्याच्या कितीपट त्याला वाटत असेल!

आणि दुपारचे दोन वाजले की खालचीही जत्रा उठते. शटर पडायला लागतात. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बोळ बंद, शनिवार-रविवार तर जवळपास सगळंच बंद. म्हणजे ऊन रविवारीही पडतं, सावली मात्र सुट्टीवर.

जमिनीखालच्या जागेबद्दल मला तसाही भरवसा कमी. आजोळी मंगळवेढ्याला ज्वारीचं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचा खोल खड्डा, अंगणात. उघडायचं झालं की तोंडावरची फरशी काढून अर्धा दिवस नुसतं ठेवायचे. मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. ज्योत टिकली तर गडी उतरणार, विझली तर पुन्हा वाट बघायची. आम्हा पोरांना फुटभर लांब उभं करायचे, वाकून बघायची सुद्धा चोरी. ज्वारीचा तो आंबूस, कोंदट वास अजून नाकात आहे.

ह्यूस्टनला हवेचा प्रश्न यंत्रांनी सोडवलाय. पाण्याचा तितका सुटलेला नाही. जून २००१ मध्ये ॲलिसन नावाचं वादळ आलं तेव्हा शहराच्या काही भागांत पाच दिवसांत ३५ इंचांहून जास्त पाऊस झाला. आपल्याकडे अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही. पाणी तळघरांत घुसलं आणि तळघरं एकमेकांना जोडलेली, मग काय, एकाचं पाणी दुसऱ्याकडे. त्यानंतर काही ठिकाणी पाणबुडीला असतात तसली जाड दारं बसवली.

गुरुवार

स्क्रू आज बसला. पावणेसहाला गेलो, मीही निघाले, चटणीला शेंगा घ्यायच्या होत्या. नवी पेठ नुकती जागी होत होती. ही एक गोष्ट मला तिकडून आल्यावर जास्त दिसायला लागली. आपण उन्हाशी भांडत नाही, घड्याळ सरकवतो. बाजार अकराच्या आत, नाहीतर पाचनंतर. मधल्या वेळात अर्धं शटर ओढून दुकानदार घरी जेवून, डुलकी काढून येतो. बाहेरगावचे पाहुणे नावं ठेवतात, सोलापूरकर आळशी म्हणून. अहो, ४३ अंशात दुपारी दोन वाजता चादर विकत घ्यायला येणार कोण? ह्यूस्टनच्या ऑफिसांना घड्याळ सरकवणं जमलं नाही, आठ ते पाच म्हणजे आठ ते पाच, म्हणून त्यांनी जमीन खणली.

चष्म्याच्या दुकानात ह्यांनी भुयाराचं पुराण लावलंच. पार्क चौकातून उतरायचं, नवी पेठ खालून करायची आणि वर यायचं ते थेट स्टेशनाजवळ. स्क्रू पिळत पिळत दुकानदार ऐकत होता. ह्यांचा जुना विद्यार्थी.

"सर, खाली खडक किती आहे माहितीय का? आमच्या घरच्या बोअरला विचारा."

"ते यंत्रांनी होतं रे सगळं."

"होईल की. पण गिऱ्हाईक खाली गेलं की आम्ही वर काय माश्या मारायच्या का ओ?"

ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मला त्या काळ्या काचा आठवल्या. ह्यूस्टनमध्येही हीच तक्रार जुनी आहे, भुयारांनी वरचा रस्ता मारला अशी. दुकानं खाली गेली म्हणून माणसं खाली गेली, माणसं खाली गेली म्हणून वर दुकानं टिकली नाहीत. एकदा हे चक्र लागलं की झाडं लावून परत फिरवणं कठीण जातं.

आमच्या घड्याळाचंही सगळं गोडच आहे असं नाही. बाहेर पडलो तर कोपऱ्यावर हमाल दादा हातगाडीवर टॉवेलचे गठ्ठे बांधत होते. डोक्याला ओला पंचा. विचारलं, कधीपासून? म्हणाले, "दुपारी एकलाच आलोय, ट्रान्सपोर्टची गाडी तवाच येतीया." घड्याळ सरकवणं दुकानाच्या मालकाला जमतं, शटर त्याच्या हातात असतं. हमालाला, डांबर टाकणाऱ्याला, हातगाडीवर ताक विकणाऱ्या मावशीला (तिचा तर धंदाच उन्हाचा) कोण सरकवू देणार? तिकडचा तो ट्रामच्या थांब्यावरचा म्हातारा आणि हे हमाल दादा यांच्यात फरक मला एकच दिसला. शेजारच्या कापडवाल्याने ताडपत्री जरा जास्तच पुढे ओढलीय, खाली रांजण ठेवलाय आणि दादांची गाडी तिथं टेकलेली. ताडपत्री फुटपाथवर येते म्हणजे अतिक्रमणच. मागे एकदा ती काढायला लावली तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या, रस्ता मोकळा झाला म्हणून.

शेंगा महाग झाल्यात. अर्धा किलोच घेतल्या.

शनिवार

रात्री लेकीचा फोन. तिकडे सकाळ. ह्यांनी पहिला प्रश्न भुयाराचाच विचारला, नातवाचा नंतर. ती हसायला लागली. म्हणाली, "बाबा, तुम्ही बघितलंत त्यातलं बरंच बंद झालंय." करोनानंतर लोक रोज ऑफिसला येतच नाहीत, तीही आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करते. सोमवारी आणि शुक्रवारी खाली शुकशुकाट. तिच्या इमारतीखालचा सँडविचवाला गेला, बूटपॉलिशची खुर्चीही उचलली. न्हावी टिकून आहे, पण त्याने वेळ बदललीय, मंगळवार ते गुरुवार, तेही दुपारी दोनपर्यंतच.

"म्हणजे आपल्यासारखंच," हे म्हणाले.

मी म्हटलं, आपला न्हावी निदान सहा दिवस तरी बसतो.