बाळाच्या पायाला गुंडाळलेला दोरा

डिसेंबरचा दुसरा आठवडा. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे अर्ध्या नागपुरातले रस्ते अडवलेले, म्हणून सक्करदऱ्यातल्या माझ्या दुकानात सकाळी कोणीच नव्हतं. मी एका दुलईवर टीप घालत बसले होते. तेवढ्यात एक आजी आल्या आणि पिशवीतली गोधडी काढून त्यांनी थेट मशीनवर ठेवली. बाळाची पिवळी सुती गोधडी, मधोमध मोठं फूल. माझ्याच हातची.

"ताई, हे तुमचीच ना? याच्यातला दोरा आमच्या लहान्याच्या पायाच्या बोटाले गुंडाळला होता. रातभर रडलं पोरगं. कोणाले समजेना काहून रडते ते. सकाळी आंघोळीले घेतलं तं बोट सुजून निळं पडलेलं."

बाळ कसं आहे, एवढंच विचारता आलं मला. डॉक्टरांनी दोरा कापून काढला होता, बोट वाचलं होतं. दोरा आवळला की रक्त अडतं, बोट सुजतं, आणि सुजलेल्या कातडीत दोरा रुतून दिसेनासा होतो, असं त्यांनी आजींना समजावलं होतं. पॉलिएस्टरचा दोरा तर बाळाने कितीही पाय झाडले तरी तुटत नाही.

आजी भांडल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या आणि मी गोधडी उलटी केली. अस्तराच्या बाजूला, फुलाच्या बरोबर मध्यावर, दोरा सुटून लोंबत होता. पाकळीचे बरेच टाके उसवलेले. वरून पाहिलं तर काहीच कळत नव्हतं.

चूक कुठे झाली ते मला तिथल्या तिथे कळलं. ब्लाऊजला आपण सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे टीप मारतो, शिवाय ते टोक पुढे दुसऱ्या शिवणीत दबून जातं. गोधडीवर फुलं काढताना कापड सरकवणारे मशीनचे दात खाली घेतलेले असतात, कापड हातानेच फिरवायचं असतं. तिथे मागे-पुढेचा खटका दाबून उपयोग नाही, कारण कापड मागे ओढायला दातच नाहीत. आणि फूल संपतं ते मधोमध, काठापासून दूर. मी तिथे दोन टाके एकावर एक घेऊन दोरा कापडालगत कापत होते. वरचा दोरा आणि खालच्या छोट्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा दोरा थरांच्या आत एकमेकांत अडकतो म्हणून टाका बसतो. टोक मोकळं राहिलं की धुताना पहिला टाका सुटतो, मग त्याच्या शेजारचा.

माझी आजी हाताने गोधडी शिवायची तेव्हा वर एकही गाठ दिसायची नाही. दोरा संपत आला की सुई दोन थरांच्या मधून बोटभर पुढे न्यायची आणि तिथे कापायची. हे मी लहानपणी शंभरदा पाहिलेलं. मशीन आलं आणि मी ते सोडून दिलं, वेळ जातो म्हणून.

त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आजींसमोरच ती गोधडी नीट करायला घेतली. आधी फुलाचे आणखी इंच-दीड इंच टाके उसवले, गाठ मारण्याइतका दोरा हाती यावा म्हणून. वरचा दोरा खाली ओढला, बॉबिनच्या दोऱ्याशी कापडालगत गाठ मारली. मग दोन्ही टोकं सुईत ओवून, शेवटचा टाका जिथून निघाला त्याच भोकात सुई घातली, कापसातून इंचभर फिरवून बाहेर काढली आणि हलका झटका दिला. गाठ आत गेली. टोक ओढून कापलं, तेही आत. एका जागी टोक फारच आखूड होतं. तिथे आधी रिकामी सुई कापडात घातली, नाकं टोकाजवळ येईपर्यंत, आणि मग दोरा ओवला.

उसवलेली पाकळी परत शिवताना बॉबिनचा दोरा आधी वर काढून घेतला, नाहीतर खाली त्याचा गुंता होतो. दोन्ही टोकं बोटाखाली धरली आणि पहिला पाव इंच हात अगदी हळू सरकवत अर्ध्या मिलिमीटरचे टाके घेतले. शेवटीही तसेच. बाळाच्या गोधडीला मात्र मी एवढ्यावर थांबत नाही आता. गाठही मारते, टोकही पुरते. एका गोधडीमागे पाऊण तास जास्त जातो. तो पैशात धरत नाही.

आजींनी अस्तरावरून दोनदा तळहात फिरवला, एक-दोन ठिकाणी नखाने ओढून पाहिलं. "नेतो," म्हणाल्या, "पण लेकराच्या अंगावर इतक्यात नाही घालत. पहिले तीनदा धुतो."

त्या गेल्यावर ऑर्डरची वही काढली. दिवाळीपासून बाळांच्या आणखी अकरा गोधड्या दिल्या होत्या. सगळ्यांना फोन लावले, लागले त्यांना आज रात्री ती गोधडी वापरू नका म्हणून सांगितलं. काही जण चिडले. एका आईने फोनवरच गोधडी उलटी करून पाहिली आणि म्हणाली, हो, दोन जागी सुटलंय. महाल, नंदनवन, मानेवाडा असं फिरत आठवडाभरात दहा गोधड्या परत आणल्या, नीट करून दिल्या.

अकरावी वर्ध्याला गेलीय. वहीतला नंबर लागत नाही. रोज रात्री शटर ओढायच्या आधी एकदा लावून पाहते.